रिकाम्या प्लॉटवर कर लावला की घरं उभी राहतात का? आयर्लंडचा दहा वर्षांचा अनुभव

आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारी २०२५ पासून एका नव्या कराची आकारणी सुरू झाली. घरं बांधण्यासाठी राखलेली, पाणी, ड्रेनेज आणि रस्ता हाताशी असलेली जमीन कुणी तशीच पाडून ठेवली, तर तिच्या बाजारभावाच्या ३ टक्के रक्कम दर वर्षी सरकारजमा करायची. २० लाख युरोची जागा असेल तर वर्षाला ६० हजार युरो. रीतसर परवानगी घेऊन बांधकाम सुरू केलं की कर थांबतो.

हा कर काही आभाळातून पडलेला नाही. त्याच्या आधी, २०१५ सालच्या कायद्याने, तिथे ‘रिकाम्या जागेवरचा आकार’ आला होता. तो ३ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर नेण्याची घोषणा ऑक्टोबर २०१७ च्या अर्थसंकल्पात झाली. त्या वेळी पंतप्रधानपदी होते लिओ वराडकर. त्यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. आपल्या मालवणी नातलगाच्या सरकारने वाढवलेला तो ७ टक्क्यांचा आकार पुढे जवळपास फुकट गेला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

तो का फसला आणि त्यातून काय शिकून नवा कर आला, हे समजून घेण्यासारखं आहे. घरांची टंचाई आणि त्याच शहरात मोक्याच्या ठिकाणी पत्र्याचं कुंपण घालून ठेवलेले प्लॉट, हे चित्र काही डब्लिनपुरतं नाही.

जागा रिकामी ठेवून मालकाला मिळतं काय?

एसटी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली जुनी रीत आहे. रुमाल टाकणारा अजून खाली चहा पीत असतो, कदाचित त्याला जायचंही नसतं. पण सीट अडते, आणि लेकरू कडेवर घेतलेली बाई उभी राहते. हे चालतं, कारण रुमालाला तिकीट नसतं. कंडक्टरने रुमाल पडल्यापासूनच भाडं लावलं तर? ज्याला खरंच जायचंय तो येऊन बसेल, बाकीचे रुमाल उचलतील. रिकाम्या प्लॉटवरच्या कराची सगळी कल्पना एवढीच आहे.

कारखाना बंद ठेवला तर यंत्र गंजतं, धान्य साठवलं तर कीड लागते. शहरातली जमीन मात्र पडून राहूनही महाग होत जाते. शेजारून मेट्रो गेली, रस्ता रुंद झाला, शाळा आली, आसपास लोकवस्ती वाढली की जागेचा भाव चढतो. यातलं काहीच मालकाने केलेलं नसतं. बराचसा खर्च सरकारने, म्हणजे करदात्यांनी केलेला असतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या हेन्री जॉर्जने हाच मुद्दा लावून धरला होता: माणसाच्या कष्टावर कर कमी करा आणि जमिनीच्या अशा आपोआप वाढणाऱ्या किमतीवर लावा. त्याचं सगळंच म्हणणं कुठल्या देशाने स्वीकारलं नाही, पण शहरातल्या जमिनीवरचा कर निघाला की त्याचं नाव येतंच.

पण जागा अडवून ठेवणारा प्रत्येक जण धूर्त सट्टेबाज असतो असं मानू नका. कुणाच्या घरात वाटणीचा वाद असतो. कुणी भागीदार परदेशी गेलेला असतो. कुणी महाग घेऊन अडकलेला असतो, आणि ही तिसरी जात आयर्लंडमध्ये फार मोठी होती.

डब्लिनच्या रिंग्सेंड भागात बाटल्यांच्या जुन्या कारखान्याची सुमारे २५ एकर जागा आहे. समुद्राजवळ आणि शहराच्या मध्यापासून हाकेच्या अंतरावर. तेजी शिगेला असताना, २००६ च्या अखेरीस, ती ४१ कोटी २० लाख युरोंना विकली गेली. पुढे २००८ ला बाजार कोसळला, आणि त्या जागेची किंमत मूळ रकमेच्या किरकोळ अंशावर आली. बुडीत कर्जं बँकांकडून उचलायला सरकारने २००९ मध्ये ‘नामा’ नावाची संस्था काढली होती. या जागेचं कर्जही तिच्याकडेच गेलं. आता तिथे इमारती उभ्या राहिल्या आहेत, पण मधली कितीतरी वर्षं ती जागा नुसती पडून होती. ४१ कोटींना घेतलेली वस्तू ५ कोटींना विकायला कुणाचा हात उठत नाही. ‘भाव परत येईल’ ही आशा आणि आळस यांत बाहेरून फरक दिसत नाही.

२०१५ चा कायदा काय म्हणत होता?

त्या मंदीने घरबांधणीचं कंबरडं मोडलं. २००६ च्या सुमारास वर्षाला ९० हजारांच्या आसपास घरं बांधणाऱ्या देशात २०१३ साली पाच हजारांहूनही कमी घरं पूर्ण झाली. लोकसंख्या मात्र वाढतच राहिली. २०२२ च्या जनगणनेत ती ५१ लाखांवर गेली. आपल्या हिशेबाने पाहिलं तर २०११ च्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. एवढ्याशा देशात नोकऱ्या आल्या, माणसं आली, घरं आली नाहीत. भाडी भडकली. २०२५ मध्ये सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्यांचा आकडा १५ हजारांच्या वर गेला होता, आणि त्यात हजारो लहान मुलं होती.

२०१५ चा कायदा या टंचाईच्या सुरुवातीला आला. त्याची रचना अशी: प्रत्येक स्थानिक पालिकेने १ जानेवारी २०१७ पासून रिकाम्या जागांची नोंदवही ठेवायची. जागा ०.०५ हेक्टरपेक्षा मोठी हवी, मागचे १२ महिने रिकामी हवी, त्या भागात घरांची गरज हवी आणि जागा घरांसाठी योग्य हवी. मोडकळीला आलेल्या वस्त्यांसाठी वेगळे निकष होते, त्यांत शिरत नाही. नोंदवहीत नाव चढलं की २०१८ पासून बाजारभावाच्या ३ टक्के आणि २०१९ पासून ७ टक्के. आलेला पैसा त्याच भागातल्या घरांसाठी आणि सुधारणांसाठी वापरायचा.

०.०५ हेक्टर म्हणजे ५०० चौरस मीटर, जेमतेम पाच गुंठे. मुंबईत ज्यांनी जमिनीचे कागद हाताळले आहेत त्यांना हा आकडा ऐकून काहीतरी आठवेल. त्याकडे पुढे येऊच.

७ टक्के कागदावर, वसुली नावापुरती

आता खरी गंमत. कायदा कडक दिसत होता, तरी वसुली मागणीच्या मानाने तुटपुंजी राहिली. काही पालिकांच्या नोंदवहीत एकही जागा चढली नाही.

एखाद्या पालिकेतल्या कर्मचाऱ्याच्या टेबलावर बसून बघा. त्याला एक मोकळा प्लॉट दिसतो. आधी मालक शोधायचा. तो कंपनी असेल, मयत असेल, परदेशात असेल. मग जागा १२ महिने रिकामी होती याचे फोटो आणि पाहणीचे कागद जमवायचे. मालकाला ‘तुमची जागा नोंदवहीत घेत आहोत’ अशी नोटीस द्यायची आणि २८ दिवस थांबायचं. हरकत आली तर ती तपासायची. नोंद केली की मालक नियोजन अपील मंडळाकडे जातो. तिथून सुटला नाही तर किंमत ठरवायची. किमतीवर पुन्हा वेगळ्या न्यायाधिकरणात अपील. हे सगळं एका प्लॉटसाठी. त्या कर्मचाऱ्याकडे बाकीची कामंही असतातच. त्यातून बड्या बिल्डरच्या वकिलाशी गाठ असेल तर फाईल तळाला जाते. आपल्याकडे जाते तशीच.

शिवाय ‘रिकामी’ म्हणजे नेमकी काय? सुरुवातीच्या कायद्यात जागेचा काही ना काही वापर होत असेल तर ती रिकामी नाही, असा युक्तिवाद करता येत होता. घरांसाठी राखलेल्या जमिनीवर चार गुरं चरायला सोडली की झाली ‘शेती’. वाहनतळ केला की झाला ‘धंदा’. २०१८ च्या दुरुस्तीने हे भोक बुजवायचा प्रयत्न झाला: जमीन घरांसाठी राखली गेल्यानंतर तुम्ही ती विकत घेतली असेल, तर गुरांचा बहाणा चालणार नाही. बापजाद्यांपासून कसणाऱ्या शेतकऱ्याला त्यातून वगळलं. भेद शहाणपणाचा होता, पण तो सिद्ध करायला आणखी एक कागद लागू लागला.

कर्जाचीही एक सवलत होती. जागेच्या किमतीपेक्षा तिच्यावरचं कर्ज जास्त असेल तर आकार शून्य, थोडं कमी असेल तर दर कमी. रिंग्सेंडसारखी प्रकरणं ताजी असताना ही दया समजण्यासारखी होती. तीही २०१८ ला काढली.

न भरलेल्या आकारावर महिना सव्वा टक्का व्याज चढत होतं आणि तो बोजा जमिनीवर राहत होता. त्यामुळे ‘बुडाला’ म्हणता येत नाही, ‘लांबला’ म्हणता येईल. पण ज्या कराचा हेतूच घाई करायला लावणं हा आहे, तो लांबला तर उरलं काय?

दराचाही हिशेब करून बघू. १० लाख युरोची जागा आहे आणि भाव वर्षाला ८ टक्क्यांनी चढतोय असं धरा. काही न करता ८० हजार वाढले. ३ टक्क्यांनी ३० हजार गेले, तरी ५० हजार कागदोपत्री नफ्यात, म्हणजे थांबणंच बरं. ७ टक्क्यांनी ७० हजार गेले की राहिले १० हजार, आणि आता बँकेतली ठेवही त्याहून बरी वाटायला लागते. म्हणून दर वाढवणं तर्काला धरूनच होतं. फक्त तो तर्क बहुतेक जागांपर्यंत पोचलाच नाही.

नोंदवही गेली, नकाशा आला

२०२१ च्या वित्त कायद्याने नवा कर आणला. नाव साधारण ‘निवासी झोनमधील जमिनीचा कर’. आपल्या बोलीत ‘येलो झोनचा कर’ म्हटलं तरी चालेल, कारण आपल्या आराखड्यांत घरांसाठी राखलेली जमीन पिवळ्या रंगात दाखवतात. दर पुन्हा ३ टक्के. वरवर पाहिलं तर ७ वरून ३ म्हणजे माघार. माझ्या मते ही या दहा वर्षांतली सगळ्यात शहाणी चाल होती.

बदल तीन झाले. पहिला, एकेक प्लॉट शोधून नोंदवायचं बंद. पालिकेने नकाशा काढायचा आणि त्यात घरांसाठी राखलेली, सेवा उपलब्ध असलेली सगळी जमीन रंगवायची. नकाशात आलात तर कर लागू, मग जागा पाच गुंठे असो की पन्नास एकर. दुसरा, वसुली पालिकेकडून काढून देशाच्या महसूल खात्याकडे दिली, म्हणजे आपल्या आयकर खात्यासारखी यंत्रणा. तिथे टाळाटाळ करणं पालिकेइतकं सोपं नाही. तिसरा, किंमत मालकानेच ठरवायची, विवरणपत्र २३ मेपर्यंत भरायचं. कमी दाखवली आणि सापडलात तर वर अधिभार. जमीन विकायची तर आधी थकबाकी चुकती करायची.

एक गोष्ट पुसली गेली ती म्हणजे ‘रिकामी आहे की नाही’ हा वाद. आता प्रश्न एवढाच: इथे घरं व्हायला हवीत असं आराखडा म्हणतो का, आणि नळ-ड्रेनेजची सोय होण्यासारखी आहे का? गुरं चरत असली तरी ती जमीन नकाशात येऊ शकते. यातूनच पुढचं रामायण झालं.

‘शेतकऱ्याने काय करायचं?’

पहिले नकाशे प्रसिद्ध झाले आणि गावागावांतले शेतकरी खवळले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसतोय, पालिकेने आमच्या शेतावर घरांचा रंग फासला, आम्ही मागितला नव्हता, आणि आता त्याच रंगासाठी आम्ही वर्षाला ३ टक्के द्यायचे? शेतीच्या उत्पन्नातून हे भरणं अशक्य, कारण कर शेताच्या भावावर नसून बांधकामाच्या जमिनीच्या भावावर आहे.

ही तक्रार रास्त आहे. आपल्याकडेही पुणे महापालिकेत २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली, तेव्हा तिथल्या शेतकऱ्याला न विचारताच त्याचं शिवार शहर झालं. त्याच्या सातबाऱ्यावर ऊस आणि आराखड्यात इमारत. त्याला जर असा कर लागला असता तर मोर्चा निघाला असता, आणि निघायलाच हवा होता.

आयर्लंडच्या सरकारने कर आधी २०२४ ला सुरू करायचा ठरवलं होतं, ते एक वर्ष पुढे ढकललं. मग वाट काढली: आराखड्यातून आमचा रंग बदला, असा अर्ज पालिकेकडे करा, आणि कसत असाल तर २०२५ च्या करातून सूट मागा. यावर उलटी टीकाही झाली, आणि तीही खरी आहे. घरांची जमीन वाढवायला आणलेल्या करामुळे लोक घरांचा झोन काढून घ्यायच्या रांगेत उभे राहिले. गावाला लागून असलेलं शेत एकदा पुन्हा शेती झोनमध्ये गेलं की पाच-सहा वर्षं तिथे घर नाही. मला तरी यावर निर्दोष तोडगा दिसत नाही. जो खरोखर कसतो त्याला सोडा, जो झोन बघून जमीन घेतो त्याला पकडा, हे २०१८ चं तत्त्व बरं होतं. पण ते तपासायला पुन्हा तोच टेबलावरचा कर्मचारी लागतो.

‘माझी जमीन, माझी मर्जी’

आयरिश राज्यघटनेत खाजगी मालमत्तेचा हक्क ठळकपणे आहे. पण सार्वजनिक हितासाठी त्यावर मर्यादा घालता येतात हेही त्याच कलमात आहे. शिवाय शेताला घरांचा झोन मिळाला की त्याची किंमत रातोरात अनेक पटींनी चढते. ती वाढ मालकाच्या कष्टातून येत नाही, पालिकेच्या शिक्क्यातून येते.

या शिक्क्याभोवती किती चिखल साचतो हे आयर्लंडने पाहिलं आहे. झोन बदलण्यासाठीच्या लाचखोरीची चौकशी करणारा आयोग १९९७ ला बसला आणि त्याचा अंतिम अहवाल २०१२ ला आला. त्याच्याही खूप आधी, १९७३ मध्ये, न्यायमूर्ती जॉन केनी यांच्या समितीने सुचवलं होतं की शहरालगतची जमीन सरकारने चालू वापराच्या किमतीवर २५ टक्के वाढीव देऊन घ्यावी, म्हणजे झोनचा नफा खाजगी खिशात जाणार नाही. तो अहवाल आजही दर निवडणुकीत आठवला जातो. अंमल कधी झाला नाही. २००९ मध्ये झोन बदलाच्या नफ्यावर ८० टक्के कर लावून पाहिला, तोही २०१५ पासून रद्द झाला. या मानाने वर्षाला ३ टक्के हा अगदी सौम्य उपाय आहे. जमीन तुमचीच राहते, विकायची सक्ती नाही. थांबण्याचं भाडं तेवढं द्यायचं.

‘बिल्डर हा कर फ्लॅटच्या भावात घालून मोकळा होईल’

हा आक्षेप चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत ऐकू येतो, आणि जमिनीच्या बाबतीत तो बराचसा चुकीचा आहे.

बिल्डर जागा घेताना हिशेब उलटा मांडतो. या भागात फ्लॅट काय भावाने जाईल? त्यातून सिमेंट, लोखंड, मजुरी, परवानगीची फी, व्याज आणि आपला नफा वजा. जे उरेल ते जमिनीला. फ्लॅटचा भाव गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर आणि बाजारात किती फ्लॅट आहेत यावर ठरतो. कर लागला म्हणून गिऱ्हाइकाचा पगार वाढत नाही. म्हणून कराचा भार मागे सरकतो आणि जमिनीची किंमत थोडी खाली येते. सिमेंटवर कर लावला तर सिमेंट कमी बनेल आणि महाग होईल. जमीन कुणी बनवत नाही, त्यामुळे कर लागला म्हणून ती कमीही होत नाही.

‘बराचसा’ म्हटलं, कारण ज्याने जमीन आधीच चढ्या भावाने घेऊन ठेवली आहे त्याच्या खिशातून हा कर खरोखर जातो. तो तोटा सोसेल, विकेल किंवा काही काळ रडून बांधेल. आणि सगळीच विक्री मंदावली असेल, तर तोही अडतो आणि घरंही.

‘बांधणं परवडतच नसेल तर?’

माझ्या मते सगळ्यात वजनदार आक्षेप हाच.

डब्लिनमध्ये अलीकडच्या वर्षांत फ्लॅटची इमारत बांधायचा खर्चच अनेक ठिकाणी विक्रीच्या किमतीवर गेला. व्याजदर चढले, साहित्य महागलं. परवानगी हातात असूनही कामं सुरू झाली नाहीत. अशा जागेवर कर लावणं म्हणजे ज्याला पोहता येत नाही त्याला ढकलून देणं. वर परवानगीवर कुणी शेजारी कोर्टात गेला तर वर्षं निघून जातात. म्हणून कोर्टबाजीच्या काळापुरता कर थांबवण्याची तरतूद कायद्यात घालावी लागली. आणि सांडपाणी वाहून न्यायला नळाची क्षमताच नसेल, तर नकाशातला रंग काय कामाचा?

२०२४ साली देशात ३० हजारांच्या आसपास घरं पूर्ण झाली, गरजेपेक्षा खूपच कमी. त्यानंतर सरकारने ऑक्टोबर २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या फ्लॅटवरचा मूल्यवर्धित कर साडेतेरावरून ९ टक्क्यांवर आणला. थोडक्यात, एका हाताने थांबणाऱ्यावर कर आणि दुसऱ्या हाताने बांधणाऱ्याला सूट. दोन्ही हात एकाच वेळी हलले तरच काही होईल. नुसत्या कराने विटेवर वीट चढत नाही. थांबण्यातला फायदा तेवढा कमी होतो. बांधण्यातला फायदा कुठून तरी यावाच लागतो.

आपल्याकडे काय झालं होतं?

आता त्या ५०० चौरस मीटरकडे. १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा, म्हणजे ‘यूएलसी’. मुंबईत ५०० चौरस मीटरपेक्षा आणि पुण्यात १००० पेक्षा जास्त मोकळी जमीन कुणाकडे असेल तर जादाची सरकारने घ्यायची आणि गरिबांसाठी घरं करायची. भरपाई मुंबई-पुण्यात चौरस मीटरला कमाल १० रुपये, आणि एकूण २ लाखांच्या वर नाही. डब्लिनच्या जुन्या आकारात जिथून खाली माफी, तोच आकडा मुंबईत जिथून वर जप्ती!

निकाल ठाऊकच आहे. १० रुपये मीटरने कोण राजीखुशीने जमीन देईल? मालक कोर्टात गेले, जमिनी अडकल्या, त्या ना मालकाला वापरता आल्या ना सरकारला. सूट देण्याची कलमं होती, मग सूट मिळवणं हाच एक व्यवसाय झाला. केंद्राने कायदा १९९९ ला मागे घेतला, महाराष्ट्राने २००७ ला. अडवलेली जमीन बाजारात आणायला केलेल्या कायद्याने जमीन आणखी अडवली.

दुसरं उदाहरण बरं आहे. नवी मुंबईत सिडको भूखंड भाडेपट्ट्याने देते आणि ठरावीक वर्षांत बांधकाम करायची अट घालते. मुदत चुकली तर जादा पैसे भरून वाढवून घ्यावी लागते. हाही थांबण्याचं भाडं घेण्याचाच प्रकार. फरक असा की तिथे जमीन मुळात सिडकोची आहे, म्हणून करार करतानाच अट टाकता येते. खाजगी मालकीच्या जागेवर तसं करायचं तर कायदाच हवा.

मोकळ्या जागेवर महापालिका मालमत्ता कर घेतातच, पण तो तिजोरी भरायला. बांधायला भाग पाडण्याचा त्यात हेतू नाही. उद्या इथे कुणी आयर्लंडसारखा कर आणायचा म्हटलं तर एक गोष्ट आपल्याकडे आयती आहे, ती म्हणजे रेडी रेकनर. किमतीच्या अपिलांत तिकडे जी वर्षं गेली, ती दर गल्लीचा सरकारी भाव छापून ठेवलेल्या राज्यात वाचू शकतात. अडचण दुसरीकडे आहे: आपले विकास आराखडे वर्षानुवर्षं मंजुरीत लटकतात आणि आरक्षणं बदलत राहतात. ज्या प्लॉटवर उद्या शाळेचं आरक्षण येणार की नाही हे मालकालाच ठाऊक नाही, त्याला ‘बांधत का नाहीस’ म्हणून दंड कसा करायचा? नकाशा पक्का होईपर्यंत हा कर इथे आणू नये असं मला वाटतं.

आयर्लंडमध्ये राहत असाल तर

तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना पडणारा पहिला प्रश्न: आमच्या घराला हा कर लागेल का? नाही. ज्या राहत्या घरावर तुम्ही स्थानिक मालमत्ता कर भरता, त्याला आणि त्याच्या बागेला हा कर नाही. घर आणि आवार मिळून एक एकरापेक्षा मोठं असेल आणि नकाशात आलं असेल तर महसूल खात्याकडे नोंदणी करावी लागते, कर भरावा लागत नाही. बंद ठेवलेल्या घराचा कर वेगळा आहे. वर्षात ३० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या घराला तो लागतो, दोन्हींची गल्लत करू नका.

भावंडांनी किंवा मित्रांनी मिळून एखादा प्लॉट घेऊन ठेवला असेल तर मात्र पालिकेचा नकाशा उघडून बघाच. मसुदा दर वर्षी १ फेब्रुवारीला लागतो आणि हरकत १ एप्रिलपर्यंत घेता येते. अंतिम नकाशा पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत येतो, आणि कराच्या आकारणीची तारीख दर वर्षी १ फेब्रुवारी असते.